‘ताई, तिकडे जाऊन आमच्या वह्यांचं काय करणार?’

पत्र:

बाई, मी नाशिकच्या एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. वय ४३. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या जुन्या नामावळ्यांवर, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदींच्या वह्यांवर, पीएच.डी. केली, मोडी वाचते. गेल्या महिन्यात एका ऑनलाइन चर्चासत्रात अमेरिकेतल्या एका प्राध्यापकांशी ओळख झाली आणि त्यांनी एका सेमिस्टरसाठी ‘व्हिजिटिंग स्कॉलर’ म्हणून या, असं पत्र पाठवलं. घरी पेढे वाटले. मग पत्र नीट वाचलं. मानधन नाहीच, उलट काही प्रशासकीय शुल्क मीच भरायचं आहे. नवरा म्हणतो, एफडी मोडू. प्राचार्य म्हणतात, कॉलेजला काय फायदा? मुलगा नववीत आहे. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं चांगलं, बोलताना मात्र अडखळते. ज्या गुरुजींच्या ओसरीवर बसून मी वह्या वाचते ते म्हणाले, ‘ताई, तिकडे जाऊन आमच्या वह्यांचं काय करणार?’ मला उत्तर सुचलं नाही. जावं का मी?
— गोदाकाठची एक प्राध्यापिका

उत्तर:

पेढे वाटलेत ते बरं केलंत. पत्र खरं आहे, तेव्हा पेढे वाया गेलेले नाहीत. पण ते पत्र नेमकं कशाचं आहे हे आधी पाहू, कारण इथे भलेभले फसतात.

‘व्हिजिटिंग स्कॉलर’ हा तिकडच्या बहुतेक विद्यापीठांत एक दर्जा असतो. ओळखपत्र मिळतं, ग्रंथालय उघडं होतं, विद्यापीठाचा ईमेल मिळतो आणि नशीब असेल तर टेबल-खुर्ची. पैसे ज्याचे त्याने आणायचे. ‘फेलोशिप’ म्हटलं की त्यात पैसे असतात, निवड समिती असते, स्पर्धा असते. तुम्हाला लग्नाची पत्रिका आली आहे, गाडीभाडं आलेलं नाही. शुल्क मागितलं म्हणून फसवणूक समजू नका, बऱ्याच विद्यापीठांत व्हिसाच्या कागदपत्रांसाठी ते घेतात. खरा खर्च पुढेच आहे. अशा भेटीसाठी लागणाऱ्या जे-१ व्हिसासाठी विद्यापीठ डीएस-२०१९ नावाचा फॉर्म देतं आणि तो देण्याआधी मुक्कामभर पुरतील एवढे पैसे तुमच्याकडे असल्याचा पुरावा मागतं. आरोग्यविमा सक्तीचा, तोही दर आजाराला किंवा अपघाताला किमान १ लाख डॉलरचं संरक्षण देणारा. वर घरभाडं, तिकीट आणि तिकडच्या थंडीचे कपडे.

तेव्हा एफडी मोडू नका. तुमच्या यजमानांचं मन मोठं आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा आणि एफडी जिथे आहे तिथेच राहू द्या. मानव्यविद्यांतल्या अभ्यासकाने स्वतःच्या खर्चाने परदेशी सेमिस्टर काढावी असं मला कधीच वाटलं नाही. पैसे वाया जातात म्हणून नव्हे. घरचे पैसे लावले की प्रत्येक दिवसाचा हिशोब डोक्यात बसतो, आणि हिशोब डोक्यात बसला की माणूस लिहीत नाही, नुसता फिरतो. ‘एवढे खर्च केलेत तर नायगारा तरी बघून घेऊ’ असं होतं.

ते पत्र मात्र फार कामाचं आहे. पैसे देणाऱ्या योजना विचारतात, की तिकडचं कुणी तुम्हाला बोलावतंय का? तुमच्याकडे तो कागद आधीच आहे. भारत आणि अमेरिका सरकारांच्या फुलब्राइट-नेहरू योजनेत प्राध्यापकांसाठी चार ते नऊ महिन्यांची फेलोशिप आहे. संशोधन करा, शिकवा किंवा दोन्ही करा. युसिफ, म्हणजे युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन, १९५० पासून हे काम करतं. अर्ज करण्यापासून विमानात बसेपर्यंत दीड वर्ष धरून चाला. घाई असलेल्यांचं हे काम नव्हे.

व्हिसाची एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण हे सहसा परत आल्यावर कळतं. जे-१ मध्ये ‘रिसर्च स्कॉलर’ या वर्गात गेलात आणि मुक्काम संपवून परतलात, की पुढचे २४ महिने त्याच वर्गात पुन्हा जाता येत नाही. मग गेला असाल दोनच महिन्यांसाठी. सहा महिन्यांच्या आतल्या कामासाठी ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ असा वेगळा वर्ग आहे, त्याला ही अडकाठी नाही. समजा, उद्या हौसेने बिनपैशाची दीड महिन्याची भेट चुकीच्या वर्गात काढलीत आणि वर्षभराने फुलब्राइट मिळाली, तर काय होईल? म्हणून विद्यापीठाच्या कार्यालयाला वर्ग कोणता ते आधीच विचारायचं. शिवाय फुलब्राइटवर गेलेल्यांना नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, त्याआधी तिकडे नोकरीचा किंवा स्थायिक होण्याचा व्हिसा मिळत नाही. तुम्हाला परत यायचंच आहे, तेव्हा तुम्हाला त्याचा जाच नाही.

आता माझी एक जुनी फजिती. मीही एकदा गेले होते, अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका विद्यापीठात, जानेवारीत. बोलावणारे प्राध्यापक विद्वान, पत्रं गोड. पोचले, बर्फात बूट रुतवत विभागात गेले, तर तिथल्या सेक्रेटरी बाई म्हणाल्या, ते तर या सेमिस्टरला सबॅटिकलवर, म्हणजे अभ्यासाच्या रजेवर आहेत. त्यांनी कळवलं नाही आणि मी विचारलं नाही. तळघरातलं एक टेबल मिळालं. पहिले सहा आठवडे मी चर्चासत्रांत मागच्या खुर्चीवर बसून घरून आणलेल्या भाजणीचा विचार केला. पुढे बरं झालं, तेही एका वेगळ्याच माणसामुळे. मध्ययुगीन स्पेनमधल्या यात्रेकरूंवर काम करणारी एक मुलगी शेजारच्या टेबलावर बसायची. तिने एकदा विचारलं, ‘तुमच्याकडे यात्रेला आलेल्या माणसाची नोंद कोण ठेवतं?’ मी तासभर बोलत होते. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत न अडखळता.

म्हणून तुमच्या गुरुजींच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात पैसे, प्राचार्य, मुलगा, इंग्रजी सगळं आहे. पण खरा प्रश्न विचारला तो एकट्या गुरुजींनी, आणि निवड समितीही तुम्हाला तोच विचारणार. तुमचं सगळं साधन रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर आहे. मग तुम्ही सात समुद्र ओलांडून कशाला चाललात?

आधी वाईट उत्तरं बाजूला काढू. ‘तिथलं ग्रंथालय समृद्ध आहे’ हे उत्तर चालणार नाही. कुठल्याही मोठ्या विद्यापीठाचं असतंच. ‘ब्रिटिश काळातल्या सिंहस्थाची कागदपत्रं बघायची आहेत’ म्हणाल, तर लंडनमध्ये इंडिया ऑफिसचं, म्हणजे तिथून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याचं, दप्तर आहे हे खरं. पण मुंबई इलाख्याच्या कारभाराचे कागद आपल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारातही आहेत, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. त्याला लंडन नको, पंचवटी एक्सप्रेस पुरते. तीर्थोपाध्यायांच्या वृत्तीचे आणि यजमानांवरच्या, म्हणजे ठरलेल्या यात्रेकरू घराण्यांवरच्या, हक्काचे तंटे पाहायचे तर पुण्याला पेशवे दफ्तर आहे. हे सगळं संपवलंय का? संपवलं नसेल तर समितीतला एखादा जाणकार तिथेच बोट ठेवेल.

चांगली उत्तरंही आहेत, त्यातली दोन मला तुमच्या विषयात स्पष्ट दिसतात.

एक म्हणजे हरिद्वार. तिथल्या पंड्यांच्या, म्हणजे तिकडच्या तीर्थोपाध्यायांच्या, वह्यांच्या मायक्रोफिल्म जीनिअलॉजिकल सोसायटी ऑफ यूटा या अमेरिकी वंशावळ संस्थेने केल्या आहेत. नाशिकची नामावळी आणि हरिद्वारची वही, दोन्हींत माणूस कसा नोंदला जातो? गावाने, आडनावाने, जातीने, की सोबत आलेल्यांच्या नावाने? बाईचं नाव कुठे येतं आणि कुठे गळतं? ही तुलना कुणी नीट केली तर मी ती रात्र जागून वाचेन. त्यातलं किती घरबसल्या बघता येतं ते मात्र आधी तपासा. दिसत असेल तर तेवढ्यासाठी जाऊ नका.

दुसरं आहे जपान. हे वाचून हसाल, पण ऐका. इसे या तिथल्या सर्वांत मोठ्या तीर्थक्षेत्री ‘ओशी’ नावाचे लोक होते. गावोगावच्या भक्तांची घराणी त्यांनी वाटून घेतलेली असत, घराण्यांच्या याद्या ठेवत, यात्रेकरू आला की आपल्याकडे उतरवत, आणि त्या घराण्यांवरचा हक्क विकत किंवा वारशाने देत. ओळखीचं वाटतं ना? १८७१ मध्ये मेजी सरकारने ही पद्धत बंद केली. आपल्याकडे मात्र गुरुजी अजून ओसरीवर बसलेत आणि वही अजून उघडते. का? या प्रश्नावर बोलायला जपानचा इतिहास शिकवणारा माणूस लागतो. तो नाशिकला सापडत नाही, पण अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत दोन दारं सोडून बसलेला असतो. परदेशी विद्यापीठ मला तरी याचसाठी हवं वाटतं. पुस्तकं हल्ली स्कॅन होऊन येतात, शेजारी येत नाहीत.

उलट्या दिशेने लोक आपल्याकडे आले ते असेच. जर्मनीतल्या हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर धनगरांच्या ओव्या आणि खंडोबा-बिरोबा शोधत माळरानं तुडवत राहिले. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजच्या एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर जन्मभर काम केलं. अमेरिकी अभ्यासक अॅन फेल्डहाउस महानुभावांच्या पोथ्यांपासून महाराष्ट्रातल्या नद्यांपर्यंत आल्या. आपलं साहित्य तिकडच्या वर्गांत पोचलं त्यात या माणसांचा वाटा मोठा आहे. आता तुम्ही जाल तेव्हा ‘माहिती पुरवणारी’ म्हणून जाऊ नका. मोडी वाचणारी माणसं तिकडे मोजकी असतात, हे विसरू नका. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी चार पानं घेऊन येईल, ‘जरा वाचून द्याल?’ म्हणेल. एकदा वाचून द्या. दुसऱ्यांदा लेखात नाव येणार का ते विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

हरिद्वारच्या फिल्मवरून दुसरी बाजूही सांगते, ही गुरुजींची बाजू. त्या वह्या तुमच्या नाहीत. त्यांच्याही पूर्ण नाहीत, यजमानांच्या आहेत. कुणाच्या घरात कोण कधी वारलं, कोण वेगळं निघालं, कुणाचं लग्न कुठे झालं, सगळं त्यात आहे. तुमच्या मोबाइलमध्ये त्या पानांचे फोटो असतील. तिकडे गेल्यावर ‘विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवा, सुरक्षित राहतील’ असं कुणीतरी चांगल्या मनाने सुचवेल. तेव्हा नाही म्हणता यायला हवं, आणि त्यासाठी जाण्याआधी गुरुजींशी बोलून कागदावर लिहून ठेवा. कोणती पानं न्यायची, किती जुनी, नावं झाकायची का, लेखात त्यांच्या घराण्याचा उल्लेख करायचा की नाही. अलीकडच्या शंभर वर्षांतली पानं मी तरी नेणार नाही. हा कागद अर्जालाही जोडा. समितीला तो आवडेल ही वेगळी गोष्ट, तो त्यासाठी करायचा नाही.

आता प्रस्ताव. तुमच्या प्रबंधाची सुरुवात मी ओळखू शकते. ‘प्राचीन काळापासून गोदावरीच्या तीरावर...’ ती कापा. एका पानापासून सुरू करा. एक वही, एक वर्ष, एका गावाहून आलेली सात माणसं, त्यातल्या एका नावापुढे नंतर वेगळ्या शाईने लिहिलेली एक ओळ. ती ओळ कुणी लिहिली, कधी आणि का? मग दोन वाक्यांत तीर्थोपाध्याय म्हणजे कोण ते सांगा, कारण वाचणाऱ्याने गोदावरीचं नावही ऐकलेलं नसेल. मग तुमचा प्रश्न, मग हेच विद्यापीठ का, मग चार महिन्यांत हातात काय येणार. एक लेख आणि एक व्याख्यान म्हणा. ‘सर्वंकष ग्रंथ’ म्हणालात तर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवला तर तुमचीच पंचाईत.

हे सगळं आधी मराठीत लिहा. इंग्रजीत थेट बसलात की तुम्ही सेमिनारची भाषा लिहाल, आणि त्या भाषेत विचार दडवणं फार सोपं असतं. मराठीत लिहिलेलं गुरुजींना वाचून दाखवा. त्यांना कळलं तर इंग्रजी करा.

बायोडेटा कॉलेजच्या मूल्यांकनासाठी केलेल्या नॅकच्या फायलीतला पाठवू नका, हात जोडून सांगते. चौदा पानं, त्यात रिफ्रेशर कोर्स, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, रांगोळी स्पर्धेचं परीक्षण. तिकडे दोन-तीन पानं पुरतात. मोडी येतं हे पहिल्या पानावर, ठळक. मी कितीतरी जणांचे बायोडेटा पाहिलेत, त्यांना येणारी सर्वांत दुर्मीळ गोष्ट नवव्या पानावर ‘इतर’ या मथळ्याखाली असते.

इंग्रजी बोलण्याचं फार मनावर घेऊ नका. अडखळणाऱ्या माणसाचं लोक ऐकतात, फक्त त्याच्याकडे सांगण्यासारखं असावं लागतं. रोज अर्धा तास एका वहीच्या पानाबद्दल मोठ्याने इंग्रजीत बोला, घरी, स्वयंपाक करताना. सासूबाई विचारतील वेड लागलं का. लागू द्या.

प्राचार्यांकडे फायद्याची भाषा घेऊन जाऊ नका, रजेची घेऊन जा. अनुदानित कॉलेजात कागद प्राचार्यांकडून संस्थेकडे आणि तिथून उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात जातो, आणि या प्रवासात तो झोपतोही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. परतल्यावर किमान तीन वर्षं सेवेत राहण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं, आणि मिळणारी फेलोशिप वेतन ठरवताना विचारात घेतली जाते. रक्कम लपवू नका. आणि ‘जा हो मॅडम, बघू आपण’ हे उत्तर म्हणजे परवानगी नव्हे. माझी एक सहकारी तोंडी होकारावर गेली. परतली तेव्हा प्राचार्य बदललेले, आणि तिच्या सेवापुस्तकातला तो काळ जुळवायला ती तिकडे राहिली त्यापेक्षा जास्त महिने लागले. क्रमांक आणि तारीख असलेला आदेश हातात आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

केव्हा जायचं? मुलगा नववीत, म्हणजे २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात नाशिकला सिंहस्थ. बारा वर्षांनी एकदा तुमचा विषय तुमच्या दारात येतो, तेव्हा तुम्ही अमेरिकेत असलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. सिंहस्थ डोळ्यांनी बघा, गुरुजींच्या ओसरीवर मिळेल तेवढा वेळ बसा, नव्या नोंदी कशा होतात ते टिपा. मग जानेवारी २०२८ ची सेमिस्टर मागा. मुलगा तेव्हा अकरावीत असेल, आणि अकरावीत आपल्याकडे मुलं काय करतात हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. आईच्या गैरहजेरीने त्यात फारसा फरक पडणार नाही. वरण-भाताचा कुकर लावायला मात्र बापलेकांना आत्तापासून शिकवा.

इतकी मोठी रजा मिळतच नसेल तर जर्मनीकडे बघा. डाड, म्हणजे जर्मन अकॅडमिक एक्स्चेंज सर्व्हिस, प्राध्यापकांना एक ते तीन महिन्यांच्या संशोधन-मुक्कामासाठी मदत देते. त्यांची उन्हाळी सेमिस्टर एप्रिलपासून जुलैपर्यंत चालते. मे महिन्यात आपली कॉलेजं बंद असतात, अमेरिकेतला कॅम्पस ओस पडतो, आणि जर्मनीत मात्र वर्ग भरात असतात. उन्हाळी सुट्टीला थोडीशी रजा जोडली की काम होतं. हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था १९६२ पासून आहे, सोंथायमर तिथलेच. ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टही बघून ठेवा.

वयाचा उल्लेख तुम्ही एकदाच केलात आणि पुढे निघून गेलात. मीही तेच करते.

गुरुजींकडे मात्र या आठवड्यातच जा. सांगा, ‘तुमच्या वहीच्या शेजारी दुसऱ्या देशातली वही ठेवून बघणार आहे, दोघींत काय सारखं निघतं ते.’ ते काय म्हणाले ते मला कळवा. आणि तिकडच्या प्राध्यापकांना आजच दोन ओळींचा ईमेल टाका. आमंत्रणाबद्दल आभार, मी निधीसाठी अर्ज करते आहे, आणि जानेवारी २०२८ मध्ये तुम्ही स्वतः गावात असाल ना?